दोन्काच्या दारी आधी जा

सोमवार, १४ मार्च १९९४

प्रिय असेन,

तू आणि सूनबाई प्लोव्दिवला खुशाल असाल. इथे उतारावर अजून बर्फ आहे. माझा गुडघा दुखतोच. आजपासून ईस्टरपर्यंतचा उपास, चुलीवर नुसता घेवडा शिजतोय. कालची चीज भरून भाजलेली बनीत्सा उरली ती शेजारी देऊन टाकली.

काल उपासाआधीचा माफीचा रविवार, सकाळी तुझा फोन आला. धाकट्यानं थोरल्याकडे मागायची म्हणून तू दरवर्षीसारखी माफी मागितलीस. "ताई, माझं काही चुकलं असेल तर माफ कर." मी म्हणाले, "देव माफ करो." हे म्हणून म्हणून मी थकले रे.

संध्याकाळी चर्चमध्ये सगळे एकमेकांपुढे वाकत होते. माझ्यासमोर मेतोदीची दोन्का आली. तो गेल्यापासून काळ्या कपड्यांत असते. "स्तोयना, मला माफ कर," म्हणाली. मी हाताला धरून तिला बाहेर नेलं आणि भिंतीशी उभं राहून सांगितलं. आता तुला सांगते.

कम्युनिस्टांच्या काळात तू सरहद्द ओलांडून ग्रीसमध्ये पळून जाणार हे दोघांनाच ठाऊक होतं, मेतोदीला आणि मला. चौकीवर जाऊन सांगितलं ते मेतोदीनं नाही. मी सांगितलं. तू चार वर्षं तुरुंगात काढलीस आणि जन्मभर त्याला शिव्या दिल्यास. त्याच्या मातीलासुद्धा आला नाहीस. मी गप्प राहिले.

मग दोन्का म्हणाली, "माझा नवरा या गावात मान खाली घालून जगला. लेकीच्या लग्नात त्याच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. तू मात्र केक घेऊन आली होतीस."

"माफ कर, दोन्का."

"आज नाही जमायचं. आधी भावाला लिही. तू पत्र पोस्टात टाकताना मी बघणार आहे."

ती आत्ता ओसरीवर बसली आहे. आत ये म्हटलं तर येत नाही.

सरहद्दीवर तू गोळी खाशील या भीतीनं मी सांगितलं, असं मी स्वतःला समजावत आले. भीती होतीच. पण असेन, तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले होते. तू गेलास की त्यांचं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात पडणार होतं. मी सत्तावीस वर्षांची होते. माझंही लग्न ठरत होतं. तुला अडवलं की तू घरी राहशील असं वाटलं. तुला ते तुरुंगात नेतील हे डोक्यातच आलं नाही. पुढे बाबांचं सगळं मी एकटीनंच केलं, लग्नही राहिलं, पण त्याचं रडगाणं तुझ्यापाशी गाणार नाही.

तू मला काय उत्तर द्यायचं ते सावकाश ठरव. काही म्हणाला नाहीस तरी मी समजेन. पण मेतोदीच्या कबरीवर एकदा जा. ईस्टरला गावात आलास तर आधी दोन्काच्या दारी जा. माझ्याकडे आला नाहीस तरी चालेल.

तुझ्यापुढे वाकून,
स्तोयना