साबणानं धुतलेल्या हंड्या

बाबा, तुमच्या नातीसाठी काचेची पेटी आणली आहे, मासे पाळायला. तुम्ही हसला असता. तलावावर जन्म काढलेल्या माणसाची पोरगी क्वार्टरमध्ये टीव्हीशेजारी मासे ठेवणार. दिवसभर शाळेत शिकवून घसा बसतो, त्यात नळावरून आठ बादल्या पाणी वाहिलं, आता पाठ सरळ होत नाही. रेती पाणी निवळेपर्यंत धुतली, पेटी भरली, आणि मासे आठ दिवसांनी आणू म्हटलं तर पोरगी रुसून बसली. गडचांदूरला सिमेंटची धूळ इतकी, की पेटीवर फडकं टाकलं तरी पाण्यावर साय धरते. ती काढताना तुमचं बोलणं आठवतं, "पानी जुनं होऊ दे, बाई. नव्या पान्यात जीव घाबरते."

मी चौथीत होते. गावच्या तलावात सोडायचं मासोळीचं बीज नागभीडच्या स्टेशनावरून कावडीनं आणायचं काम तुमचं. मातीच्या दोन हंड्या, आत केसाएवढी पिल्लं, आणि त्यांना हवा मिळावी म्हणून वाटभर थांबून थांबून हातानं पाणी हलवायचं. त्या दिवशी सारं गाव तलावाच्या काठावर उभं आहे. तुम्ही येता, कावड खाली ठेवता. अर्ध्या वाटेतच बीज पोट वर करून तरंगायला लागलं होतं, तरी तुम्ही पाणी हलवत हलवत इथवर आणलं. "रस्त्यात झोपला असंन भाऊ," कोणीतरी म्हणतं. तुम्ही म्हणता, "हात थांबला असंन माहा." पुढच्या वर्षी कावड दुसऱ्याच्या खांद्यावर गेली, ती परत तुमच्याकडे आली नाही.

हंड्या आदल्या दिवशी मी धुतल्या होत्या. शाळेत स्वच्छतेचा धडा झाला होता. तुम्ही खूश व्हाल म्हणून कपड्याचा साबण लावून आतून-बाहेरून घासल्या आणि उन्हात वाळवल्या. मातीनं साबण पिऊन घेतला. त्या संध्याकाळी तुम्ही रिकामी हंडी नाकाशी धरलीत आणि आईला विचारलंत, "हंड्या कोनं धुतल्या?" आई म्हणाली, "मले नाई मालूम." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी चुलीत काटक्या सारत राहिले. तुम्ही पुन्हा विचारलं नाही. तुम्हाला कळलं होतं का, हे विचारायला नंतर कितीतरी वर्षं मिळाली, आणि मी भीत राहिले. फार लाज वाटते.

पेटीचं टेबल हलतं. या पत्राला पत्ता नाही, म्हणून घडी करून टेबलाच्या पायाखाली घालणार आहे. एकच सांगायचं राहिलं. रविवारी, पेटी अजून रिकामी होती तेव्हा, पोरगी साबण घेऊन ती धुवायला निघाली. मी तिचा हात धरला, जरा जोरातच.

"माशाले साबन चालत नाई."

"तुले कसं मालूम?"

मी म्हटलं, "तुह्या आजोबाकडून झालं होतं एकदा."

पुन्हा तुमचंच नाव पुढं केलं, बाबा.