जूनीच्या रात्री

प्रिय लोरेटा,

सध्या नॉर्थ डकोटात साखर कारखान्यात बीट धुवायच्या पट्ट्यावर आहे. अजून बर्फ आहे. खोलीतल्या जोडीदाराने तीन पायांचं कुत्रं आणलंय, पळतं मात्र झकास. असो.

तुझ्या बहिणीचा, वर्नाचा फोन आला होता. "लाज विकून खाल्लीस का रे? लोरेटाचा टॅक्सचा रिटर्न नाकारून परत आला. पोरीचा, जूनीचा सरकारी नंबर आधीच कुणीतरी आपल्या रिटर्नमध्ये वापरलाय म्हणे!" मी हं म्हटलं आणि हातातलं सँडविच संपवलं. काही वाटलं नाही. अजूनही नीटसं वाटत नाही.

जानेवारीत मीच माझ्या रिटर्नमध्ये तो भरला. टॅक्सच्या दुकानातल्या बाईने विचारलं, "पोरगी वर्षातल्या किती रात्री तुमच्याकडे झोपली?" पोर आपल्या नावावर दाखवायला अर्ध्याहून जास्त लागतात म्हणे. मला वाटलं, बाप तो बाप, रात्री कसल्या मोजायच्या? म्हटलं, दोनशे. तिने लिहून टाकलं. टॅक्स बसण्याइतकी कमाई नसली तरी पोरीपायी सरकारकडून पैसे हातात येतात. तू दरवर्षी त्यावरच थकलेलं भाडं देतेस, हे मला माहीत होतं. माझ्या हाती आले ते ट्रकच्या गिअरबॉक्समध्ये गेले.

शनिवारी इथल्या वाचनालयात गेलो, तिथे रिटर्न फुकट भरून देतात. ओस्लुंड नावाच्या आजीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बाळा, पोर जिच्याकडे राहते तिचा हा हक्क. तू दुरुस्ती भर, पैसे परत कर. तिने आपला रिटर्न कागदावर भरून टपालाने पाठवावा. वेळ लागेल. पुरावा मागतील." मी दुरुस्तीवर सही केली. हप्त्यांनी फेडेन.

घरमालकाने तुला थकलेल्या भाड्यासाठी एप्रिलअखेरची मुदत दिलीय, असं वर्ना म्हणाली. तोवर पैसे येणार नाहीत. म्हणून हे पत्र. त्याला दाखव, आणि शाळेच्या, डॉक्टरच्या कागदांसोबत पुराव्यात जोड. मी, डेल्मर प्रुइट, लिहून देतो की गेलं अख्खं वर्ष जूनी तिच्या आईकडे होती. माझ्याकडे एकही रात्र झोपली नाही. ऑगस्टमध्ये आलो होतो तेव्हा ट्रकमध्ये माझ्या मांडीवर तिचा डोळा लागला होता, पण ती दुपार होती. दुपार धरत नाहीत. मी विचारून पाहिलं.

तुझा म्हणायला तोंड नाही,
डेल्मर