लाल पेल्यावरची तार

प्रिय ठमाबाई,

रागावून गेलेल्या माणसाला ख्यालीखुशाली विचारण्यात अर्थ नसतो, म्हणून थेट कामाचंच सांगतो. संग्रहालयातल्या जुन्या पेल्यांची सूची सोमवारी छापायला जायची होती, ती मी थांबवली आहे. मुखपृष्ठावर तोच लाल पेला आहे, मनोऱ्याचं चित्र कोरलेला, ज्यावरून आपण विश्वस्तांसमोर भांडलो. खरं तर भांडलो मी. तू नुसती भिंग धरून उभी होतीस.

तुझं म्हणणं साधं होतं. चित्राखालचं साल मनोरा बांधल्याचं आहे, पेला बनवल्याचं नाही. सहलीला आलेल्यांना आठवण म्हणून विकायचे असले पेले दुकानदार वर्षानुवर्षं तेच साल घालून करून घेत. पुरावा म्हणून तू मनोऱ्यापासून निघालेली केसाएवढी रेघ दाखवलीस. ती विजेची तार, आणि तिथे वीज तर त्या सालानंतर एकवीस वर्षांनी आली. मी म्हणालो, रेघबिघ काही नाही. वर हेही ऐकवलं, की काच कळायला अजून दहा वर्षं घालव. तुझं तोंड एवढंसं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तू बॅग भरलीस.

परवा त्या पेल्याचं जुनं कार्ड निघालं, तीस वर्षांपूर्वी मीच ठळक, मोठ्या अक्षरात लिहिलेलं. त्यावर काय असावं? ‘मनोऱ्याच्या उजवीकडे बारीक ओरखडा. बाकी पेला निर्दोष.’ कपाळावर हातच मारला. मग पेला घेऊन नख फिरवलं. ओरखडा वेडावाकडा जातो. ही रेघ बाकीच्या चित्राइतकीच खोल आहे आणि चित्रातल्या कडेच्या खांबाशी येऊन नेमकी थांबते. तीस वर्षं मी तारेला ओरखडा समजत बसलो, आणि तू ती पाच मिनिटांत ओळखलीस! बाई, तुझं करावं तेवढं कौतुक थोडंच. लहानपणी एकदा पाहुण्यांकडे तू बूड बघायला पेला उलटा केला होतास, पाण्यासकट. गालिचा भिजला, तुझी आई ओरडली, आणि मी मात्र मनातून फुलून गेलो होतो. आजही तसंच वाटतंय.

आता जे आईलाही आजच सांगितलं, ते सांगतो. त्या दिवशी तू दाखवलेली रेघ मला दिसलीच नव्हती. दोन वर्षं झाली, बारीक काही दिसत नाही. ते चारचौघांत उघडं पडेल म्हणून मी तुलाच आंधळं ठरवलं. हे पत्रही आई लिहून घेते आहे, डोळे पुसत. या दोन वर्षांत मी एकशे बारा पेल्यांची सालं निव्वळ अंदाजाने लावली. ती सगळी तू तपास, चुकली असतील ती बेधडक खोड, आणि सूचीवर पारखणारी म्हणून तुझंच नाव घाल. विश्वस्तांना मी हे सगळं लेखी कळवलं आहे. माफ कर, आणि ये.

तुझाच, चुकलेला,
बाबा