गुरुवारी बदलणारा पत्ता

गुरुवार, जेवणं झाल्यावर

आज परत तेच. महाळुंग्याच्या आमच्या वर्कशॉपचा कॅमेरा मोबाईलवर दिसेना. तिथल्या कारखान्यांच्या सुट्टीचा वार, कामगार नाहीत, आणि अण्णा तिथं एकटे. मागे चक्कर येऊन पडले तेव्हापासून मी इथं रहाटणीत घरी बसून सारखी त्यांची लेथजवळची खुर्ची बघते. आज खुर्चीही नाही, नुसतं काळं.

इंटरनेटवाल्या सलीमभाईंना फोन लावला. "ताई, तुमचा आयपी डायनॅमिक. लाईट जाऊन राउटर परत चालू झाला की नेटचा पत्ता बदलतो. मोबाईल जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. स्टॅटिक घ्या, एकच पत्ता कायमचा." गुरुवारी लाईट जातेच. मी लगेच हो म्हणून टाकलं.

रात्री अण्णा घरी आल्यावर जेवताना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "लाईट कुठं गेली होती? मीच राउटरचं बटण बंद करून चालू करतो. तुझी आई गेल्यापासून घटकाभर त्या खुर्चीत... जाऊ दे. तू बघत असलीस की रडता येत नाही गं."

आधी चिडलेच मी. पडले असते म्हणजे? मला कुठून कळणार होतं? आणि मी तरी काय बघत होते इतके दिवस? त्यांना, की खुर्चीला?

सलीमभाई उद्या येणार. नको म्हणून कळवू? अजून ठरत नाही. अण्णांना एवढंच म्हटलं, "बटण बंद करायच्या आधी एक मिस कॉल द्या. आणि रडून झालं की अजून एक."