चकती लावून काढलेला फोटो

ती. आईस,
इथूनच तुझ्या पायांवर डोकं टेकवतो.

माझा आणि खोलीचा फोटो मागितला होतास ना? आमच्या दुकानात झेरॉक्स मशीन दुरुस्त करतात. मोडीत निघालेल्या मशीनची भिंगं मी नळाच्या पाइपात बसवली, आतून काळा कागद चिकटवला आणि भंगारातल्या कॅमेऱ्याला लेन्स केली. आमचे मिस्त्री म्हणाले, "जुगाड झकास आहे!"

पहिल्या फोटोत मधोमध बसलेला मी तेवढा स्पष्ट आलो, बाकी सगळं पुसट. मला ते बरंच वाटलं. पण मिस्त्रींनी बारीक भोकाची पुठ्ठ्याची चकती लेन्सला लावून दिली, आणि खोली कोपऱ्यापर्यंत लख्ख आली.

स्वतंत्र खोली, मोठी खिडकी असं मी तुला लिहिलं होतं. पुसट फोटो पाकिटात घातलाही होता. पण तू तो कौतुकाने शेजारीपाजारी दाखवशील, या विचाराने तो परत बाहेर काढला. त्याऐवजी हा दुसरा पाठवतोय. चार खाटांपैकी दाराजवळची माझी. जेवण मात्र वेळेवर होतं, ते खरंच.

तुझा गुडघा कसा आहे? माझी थाप कळून दादा चिडला तर चिडू दे.

फोटो आधी चष्मा काढून बघ. मग सावकाश लाव.

तुझा,
धाकटा