म्यानेजरच्या पोटातली बातमी

बाबा, परवा मी तुमचा नियम मोडला. चालत्या प्रयोगात एका नटाला त्याच्या घरची बातमी सांगून टाकली. मग जे झालं ते सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून लिहायला बसलो. पाठवायचा प्रश्नच नाही. बडनेऱ्याच्या आपल्या खोलीत आता दुसरे लोक राहतात, आणि तुम्हाला जाऊनही लई वर्षं झाली. नववी नापास पोट्ट्याचं अक्षर कसं असते ते तुम्हाला माहीत आहे. मी सध्या गोव्यात आहे. आधी नागपूरला साऊंडवाल्याकडे होतो, मग सुरतेला मंडपवाल्याकडे. कुठंच बूड टेकलं नाही. इथं एका नाटक मंडळीनं ठेवून घेतलं आणि काम दिलं ते तुमचंच. जाहिरातीत 'रंगमंच व्यवस्थापक' म्हणून माझं नाव सगळ्यात खाली येते, तुमचं यायचं तसं.

तुमच्या मंडळीत तुम्हाला सगळे म्यानेजरच म्हणायचे. अमरावतीची मंडळी, पण अकोला, धामणगाव, नांदगाव, जिथून बोलावणं येईल तिथं सामान भरून निघायचं. नटराजाच्या पूजेचं नारळ-कापूर तुम्हीच आणून ठेवायचे, आणि नारळ फुटायच्या वेळेस विंगेत जाऊन दोऱ्या तपासत राहायचे. आपल्या घरी ते चालत नव्हतं, आणि मंडळीतलं कोणी त्यावरून तुम्हाला बोलतही नव्हतं. पूजा झाली की तुमची काळी पिशवी फिरायची. सगळ्यांचे मोबाइल त्यात, आणि पिशवी तुमच्या खुर्चीला टांगलेली. पडदा पडेपर्यंत कोणाचाही फोन तुम्हीच घ्यायचा, आणि बातमी वाईट असली तर ती म्यानेजरच्या पोटात. धामणगावला राजाचं काम करणाऱ्या काकांचा बाप गेला तेव्हा मी पाहिलं. पडदा पडला, तुम्ही खोबरेल तेलाची बाटली घेऊन त्यांच्यापुढं बसले आणि स्वतःच्या हातानं त्यांचा रंग पुसायला लागले. काका हसून म्हणाले, "काहून हो म्यानेजर, आज माही एवढी सेवा करून राहिले?" तुम्ही म्हणाले, "डोये मिटा. तेल जाईन." सगळा रंग निघाल्यावर, तोंड कोरडं केल्यावर मग सांगितलं. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "रंगावर रडणं खोटं दिसते बे. त्याचं त्यालेच खोटं वाटन." तेव्हापासून नटांमध्ये गंमतच झाली होती, की म्यानेजरच्या हातात बाटली दिसली का पळत सुटायचं बाप्पा.

माझ्याकडे पडद्याची दोरी होती. एकदा लोक किती आले ते पाहायला मी पडद्याच्या फटीतून डोकावलो, तर सगळ्यांसमोर कान पिळला तुम्ही. "पडदा हालला का लोकायले समजते का अंदर मानूस हाय. अंदर कोनी नसते. समजलं?" कान दुखला त्याचं काही नाही, पण ते 'कोनी नसते' मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

अकोल्याचा तो दुपारचा प्रयोग. दुसऱ्या अंकात म्हाताऱ्याला पिठलं-भाकर खायची असते आणि तुम्हाला ती खरीच लागायची, म्हणून प्रयोगाच्या दिवशी आई सकाळीच गॅसपुढं उभी राहायची. "त्या बुढ्याले तिखट सोसत नाही. नाटकात ठसका लागला तं तुमच्या बापाचं नाक कटते," म्हणत मिरच्या बाजूला काढायची. बुढ्याचं काम करणारे काका पहिला घास घेतला की विंगेकडे पाहून पदरचं वाक्य टाकायचे, "वा! या हाताले सोन्याचं कडं पायजे!" लोकांना वाटायचं नाटकातलंच आहे. आपल्याला माहीत होतं ते आईसाठी आहे. पण त्या दिवशी आई अमरावतीला दवाखान्यात होती, किडनीचं दुखणं वाढलं होतं. ताई तिच्याजवळ बसली होती, आणि पिठलं शेजारच्या काकूंनी करून दिलं होतं.

पहिला अंक संपायच्या आधी ताईचा फोन आला. तुम्ही हात तोंडावर धरून ऐकलं, "बरं" म्हणाले, फोन पिशवीत ठेवला. मी दोरीपाशी उभा होतो, तुमच्यापासून हातभर अंतरावर. मग तुम्ही डबा उघडून पिठल्याची चव पाहिली. "मीठ कमी हाय" म्हणाले, आणि चिमूटभर मीठ टाकून ताट आत पाठवलं. काकांनी घास घेतला, विंगेकडे पाहिलं, सोन्याचं कडं मागितलं. मला हसू आवरेना. मी तुमच्या कानाशी येऊन म्हणालो, "बाबा, आईले सांगजा, तिचं कडं काकूनं नेलं." तुम्ही म्हणाले, "सांगतो."

सांगतो म्हणाले तुम्ही.

मग ब्लॅकआऊटसाठी हात वर केला, रोज करायचे तसाच सरळ. पडदा पडला. माझ्या तोंडावर रंग नव्हता, त्यामुळे माझ्यासाठी बाटली नव्हती. वायरी गुंडाळ म्हणाले, गुंडाळल्या. सामान मेटॅडोरमध्ये भरलं. मूर्तिजापूर मागं पडलं, कपाशीच्या वावरांवर ऊन तिरपं झालं होतं, तेव्हा तुम्ही सांगितलं. मी ओरडलो, "काहून नाही सांगतलं?"

"ते गेली होती. आधी सांगतलं असतं तं वापस आली असती काय?"

"पन मी हासलो नसतो."

घरी पोचलो तर बुद्धवंदना सुरू होती. आई पांढऱ्या चादरीखाली, लोक आपल्यासाठी थांबलेले. त्यानंतर मी तुमच्याशी धड बोललो नाही, आणि महिनाभरात घर सोडलं. मनात एकच होतं, की माझ्या हातात कधी असलं तर मी कोणाला असा आंधळा ठेवणार नाही.

परवा ते हातात आलं. इथं आमच्या नाटकात मामाचं काम करणारे एक वयस्क नट आहेत. माझ्या बोलण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवतात, मला 'काहून' याच नावानं हाक मारतात. मध्यंतर व्हायला आलं तेव्हा माझ्या खुर्चीला टांगलेल्या पिशवीत त्यांच्या भावाचा फोन आला, की आई गेली. मी थांबलो नाही. मध्यंतरात मेकअपच्या खोलीत गेलो आणि तोंडावर रंग, ओठावर चिकटवलेली मिशी असताना सांगून टाकलं. ते आरशात स्वतःकडे पाहत राहिले. दिग्दर्शक धावत आला, म्हणाला प्रयोग थांबवू. तर म्हणाले, "नको, करतो मी." आत गेले. मामाची एंट्री म्हणजे हशाच असतो, लोक हसले. ते मध्ये उभे राहिले आणि पुढचं वाक्य आलंच नाही. लोक आणखी हसले. त्यांना वाटलं हीच गंमत आहे. मामा हात जोडून उभे, मिशी सुटून लोंबत होती आणि हशा थांबत नव्हता. मी पडदा पाडला. चालत्या प्रवेशात, तुमच्या पोरानं.

गाडीत बसायच्या आधी ते माझ्याजवळ आले. मला वाटलं मारतील. म्हणाले, "कित्याक सांगलंस रे?" कित्याक म्हणजे आपलं काहून. "आणखी एक अंक तरी राहिली असती ना ती मला."

दिग्दर्शक म्हणतो पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस पाहू. पाहो. तुम्ही बरोबर होते असं लिहायला मी बसलो नाही. तुमचं ते 'सांगतो' मला अजून गिळता येत नाही, येईल असं वाटतही नाही. पण मामांनी जे म्हटलं ते मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं, आणि ते तुमच्याशिवाय कोणाला सांगता येत नाही.

तुम्ही गेले तेव्हा मी सुरतेला एका लग्नात लाइटवर होतो. तुमची तब्येत मला माहीत होती. खिशात फोन थरथरायला लागला, ताईचा. बंद झाला, परत आला. ताई उगाच फोन करत नाही. मी नवरा-नवरीवर लाइट धरून उभा राहिलो. हार झाले, फोटो झाले, पाहुणे जेवायला गेले. मी वायरी गुंडाळल्या, टेम्पोत सामान लावलं, ड्रायव्हरसोबत चहाही घेतला, आणि मग तिला फोन लावला. ती रडत म्हणाली, किती वेळची लावून राहिली मी तुले. मी म्हणालो, इथं रेंज नव्हती. ताई आजही सगळ्यांना तेच सांगते.

रेंज होती, बाबा. पूर्ण होती.