काजाएवढं भोक

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शिंप्याचंच पोट सुटलं म्हणून तू हसलीस, मीही हसलो. ते पोट नव्हे, पाणी निघालं. सुईने काढून तपासलं, सोनोग्राफी झाली. पण पाणी का साचतंय ते कुणालाच कळेना. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, बेंबीपाशी काजाएवढं भोक पाडू, दुर्बीण घालून आत बघू आणि चिमूटभर तुकडा तपासायला पाठवू. मी म्हटलं, कापड बेतताना मी कापडाला विचारत नाही, तुम्हीही मला विचारू नका. पण त्यांना सही हवी. ताई, कॅन्सर निघाला तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं. घरी 'गॅसेस' म्हणून सांगितलंय.

लोभाची शिवण उसवू देऊ नकोस.
तुझा धाकटा

८ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्याआधी तुझ्या बायकोचं पत्र आलं. तिला सगळं ठाऊक आहे. तू घाबरशील म्हणून बिचारी गॅसेसवर विश्वास असल्याचं सोंग घेऊन बसलीय. कोटाचं अस्तर कुठे फाटलंय ते तू बाहेरून चाचपून सांगतोस का? मग मुकाट्याने सही कर. आणि निकालाआधीच मरायची तयारी करू नकोस, तुला घाई फार.

आशीर्वाद आहेतच, रागही तेवढाच आहे.
ताई

२६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही केली. तयारीही केली. आदल्या दिवशी बायकोपाशी कबूल केलं, की वीस वर्षं तिचे कपडे मी गुपचूप बोटबोट सैल करत आलोय. लग्नातलं माप टिकलंय हा तिचा भ्रम आहे. मरणाऱ्याला सगळं माफ असतं, अशी माझी समजूत. ती नुसती डोळे पुसत राहिली.

मग भूल दिली, पोटात हवा भरली, दुर्बीण घातली. पोटाच्या आतल्या अस्तरावर मोहरीएवढे पांढरे दाणे दिसले. तुकडा तपासायला गेला. आठवडाभर माझ्याने सुईत दोरा ओवला गेला नाही. काल निकाल आला. कॅन्सर नाही, पोटाचा टीबी. सहा महिने न चुकता गोळ्या घेतल्या की बरा होईन म्हणतात.

बायकोने डॉक्टरीणबाईंकडून ते दोनदा वदवून घेतलं. मग मला म्हणाली, "वाचलात ना? आता घरी चला, बोलू."

तेव्हापासून ती बोलतेच आहे. आणि ताई, ऐकायला मी आहे.

जमलं तर माझी बाजू घ्यायला ये.
तुझा धाकटा